तुम्ही विचारलंत म्हणून: रशियन नऊका आणि आपली नौका

रशियन शिकलेय म्हटलं की लग्नाच्या पंगतीत कोणीतरी काका हमखास विचारतात, "त्यांचा सायन्सचा शब्द आपला संस्कृतच ना गं?" 2021 च्या जुलैत स्पेस स्टेशनला रशियाचं 'नऊका' मॉड्यूल जोडलं तेव्हा तर फॅमिली ग्रुपवर "आपली नौका अंतराळात!" सुरू झालं.

नाही हो काका. नऊका म्हणजे सायन्स हे खरं, पण होडीशी काडीचा संबंध नाही. 'उचीत' म्हणजे शिकवणं (उचित नव्हे, आता तेही सुरू करू नका), त्याच्या मुळाला आधी 'ना' लागून हा शब्द झालाय, म्हणजे मुळात शिकवण. पोलंडमध्ये ड्रायव्हिंग शिकण्याला 'नाउका याझ्दी' म्हणतात, त्यात विज्ञान वगैरे काही नाही, क्लच सोडताना गाडी बंद पडते तेच सगळं. आमच्या रशियनच्या बाई तर मी विभक्त्यांची वाट लावली की म्हणायच्या, "एता तिब्ये नऊका", म्हणजे घे, चांगली अद्दल घडली.

काकांचं अगदीच चुकत नाही म्हणा, फक्त देश चुकतो. चेक लोक सायन्सला 'व्येदा' म्हणतात, तो आपल्या वेदाचा, विद्येचा चुलतभाऊ, आणि स्लोव्हेनिया-क्रोएशियातलं 'झ्नानोस्त' हे ज्ञानाचं. चुलतभाऊ हं, इथून कोणी उचलून नेलेलं नाही, मूळच दोघांचं एक. त्यातल्या व्येदा-वेदाच्या मुळातून (अर्थ तोच, जाणणे) रशियनमध्ये काय निघालं माहितीये? 'व्येद्मा'. चेटकीण! जाणती बाई म्हणजे चेटकीण, घ्या.

मला सगळ्यात मजा क्रोएशियाची वाटते. सर्बियनशी भाषा इतकी सारखी की दोघं आरामात गप्पा मारतील, पण सायन्स आलं की सर्बियाच्या बेलग्रेडची अकादमी 'नाउका'ची आणि क्रोएशियाच्या झाग्रेबची 'झ्नानोस्त'ची, वर क्रोएशियातल्या शाळेत धर्माच्या तासाला 'व्येरोनाउक', तिथे मात्र नाउक चालतं.

आणि आपण तरी कुठे वेगळे, विज्ञान 'जाणणे'वरून आणि शास्त्र 'शास्'वरून, म्हणजे शिकवणं, हुकूम करणं. म्हणून तर रसायनशास्त्रही शास्त्र आणि अक्षता टाकताना "का?" विचारलं तर "शास्त्र असतं ते!" पण मी इथवर येईपर्यंत काका मठ्ठेवाल्याला हाक मारत असतात.