डेटा लॉगरची प्रगती: ब्रेकआउट बोर्डांवरून काय काय उतरवलं

या खेपेला लॉगरमध्ये, म्हणजे हवामानाची मापं ठराविक अंतराने नोंदवणाऱ्या माझ्या बॅटरीवरच्या यंत्रात, नवीन काही जोडलेलं नाही, उलट त्याच्या ब्रेकआउट बोर्डांवरून (एकेक चिप जोडायला सोपी करून देणारे छोटे तयार बोर्ड) बरंच काढून टाकलंय. जोडणी तीच आहे: ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झवाला प्रो मिनी (आर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड), त्याला तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८०, डीएस३२३१चं घड्याळ आणि नोंदी साठवायला मायक्रोएसडी कार्ड. घड्याळाचा अलार्म दर १५ मिनिटांनी वाजतो, प्रो मिनी जागा होतो, एक नोंद घेतो आणि पुन्हा झोपतो. कोड केव्हाच नीट चालायला लागला होता, प्रश्न फक्त बॅटरीचा होता. ती कोण खातंय याच्या मागे लागलो तेव्हा दिसलं की चिप बिचाऱ्या फारसं काही घेतच नाहीत. बॅटरी संपवतात ते त्यांच्याभोवती बोर्डावर बसलेले पाहुणे.

सगळ्यात निर्लज्ज पाहुणा म्हणजे पॉवरचा एलईडी. ३.३ व्होल्टमधले १.८ च्या आसपास एलईडीवर पडतात, उरलेले दीड व्होल्ट १ किलोओहमच्या रेझिस्टरवर. म्हणजे दीड मिलिअँपिअर, अखंड. दिवसाला ३६ मिलिअँपिअर-तास. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल एकटा एलईडी ५५ दिवसांत रिकामा करतो. आणि इथे प्रो मिनीवर एक, घड्याळाच्या मॉड्यूलवर दुसरा. त्यामानाने प्रो मिनीवरची मुख्य चिप, एटीमेगा३२८पी, पॉवर-डाउनमध्ये (सगळ्यात गाढ झोपेत), वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणारा टायमर) आणि ब्राउनआउट (व्होल्टेज घसरल्यावरची राखण) बंद असताना एक मायक्रोअँपिअरसुद्धा घेत नाही. झोपलेल्या चिपपेक्षा हजारपटीने जास्त करंट त्या इवल्याशा दिव्यात जातोय, आणि तोही कुणी बघत नसताना.

काढायला सोपं आहे. थोडा फ्लक्स लावा, एलईडीच्या दोन्ही टोकांना जरा जादा सोल्डर द्या आणि आयर्नचं टोक आडवं टेकवा. दोन्ही बाजू एकदम वितळतात आणि एलईडी आयर्नला चिकटून निघून येतो. चिमट्याने उपटायला जाऊ नका, पॅड सुटून येतो.

मोजायचं कसं, हा पुढचा मुद्दा. करंट मोजणारं आयएनए२१९चं मॉड्यूल बऱ्याच जणांकडे असतं, पण झोपेतला करंट त्यावर दिसत नाही. त्याचा शंट (ज्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो तो रेझिस्टर) ०.१ ओहमचा आणि सर्वात लहान पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे ०.१ मिलिअँपिअरच्या खालचं त्याला कळतच नाही. मल्टीमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर वेगळीच पंचाईत: आतला रेझिस्टर मोठा असतो, त्यामुळे सर्किट जागं होऊन करंट वाढला की मीटरवरच व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर रीसेट होतो. मी बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला आणि त्याला समांतर एक जंपर ठेवला. सर्किट चालू करताना जंपर लावलेला. झोप लागली की जंपर काढायचा आणि रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट वाचायचे. १० मिलिव्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर, कॅल्क्युलेटरचीही गरज नाही. जाग यायच्या आत जंपर परत लावायचा एवढंच ध्यानात ठेवा.

बॅटरीचं व्होल्टेज ३.३ वर स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरबद्दल थोडक्यात. स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस१११७ नुसता बसल्याबसल्या ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो आणि त्याला आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त इनपुट लागतं. लिथियम-आयनच्या एका सेलवर ३.३ व्होल्टसाठी तो कामाचा नाही. मी एमसीपी१७०० घेतलाय: स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर, २५० मिलिअँपिअरपर्यंत देतो, इनपुटला ६ व्होल्टची मर्यादा. इनपुट आणि आउटपुटला एकेक मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. त्याचं आउटपुट थेट प्रो मिनीच्या व्हीसीसी (सप्लायच्या) पिनला दिलंय आणि प्रो मिनीवरचा मूळ रेग्युलेटर उचलून टाकलाय, कारण तो उलट्या दिशेने थोडा करंट गळू देतो. टीओ-९२ आकाराच्या रेग्युलेटरांचे पाय एकाच क्रमाने नसतात, तेव्हा डेटाशीट उघडल्याशिवाय सोल्डर करू नका.

आता घड्याळ. ज्या निळ्या मॉड्यूलवर डीएस३२३१ शेजारी एटी२४सी३२ ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी चिप) आणि मागे नाण्यासारख्या सेलचा होल्डर असतो, तेच हे. भिंगाखाली बघितलंत तर एका कोपऱ्यात २०१ छापलेला रेझिस्टर आणि त्याला लागून काचेचा छोटा डायोड दिसेल. २०१ म्हणजे २०० ओहम. ही जोडी सेल चार्ज करण्यासाठी आहे, एलआयआर२०३२ हा रिचार्जेबल सेल गृहीत धरून. बाजारात सहज मिळतो तो सीआर२०३२, आणि तो चार्ज करायचा नसतो. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवलं तर डायोडचे ०.६ वजा जाऊन ४.४ व्होल्ट सेलकडे ढकलले जातात. ते एलआयआरच्याही ४.२ च्या मर्यादेबाहेर आहे. ३.३ व्होल्टवर उरतात जेमतेम २.७, त्यामुळे माझ्याकडे चार्जिंग होतच नव्हतं. तरी रेझिस्टर काढला. उद्या हेच मॉड्यूल दुसऱ्या एखाद्या ५ व्होल्टच्या प्रोजेक्टमध्ये जाईल तेव्हा आठवणीत राहणार नाही.

चिपवरचं अक्षरही वाचून घ्या. डीएस३२३१एसएन असेल तर आत क्वार्ट्झ क्रिस्टल आहे आणि ० ते ४० अंशांत अचूकता ±२ पीपीएम (दहा लाखांत दोन), वर्षाला मिनिटभराचा फरक. डीएस३२३१एम असेल तर आत एमईएमएस रेझोनेटर (सिलिकॉनवरच कोरलेला सूक्ष्म कंपक), ±५ पीपीएम, वर्षाला अडीच मिनिटांहून थोडा जास्त. हवामानाच्या नोंदींना दोन्ही चालतात. पण पैसे एसएनचे दिले असतील तर एसएनच हातात यावा.

बीएमई२८०च्या बाबतीत हा घोळ नेहमीचाच आहे. बीएमई म्हणून येतो आणि निघतो बीएमपी२८०, ज्यात आर्द्रतेचा सेन्सरच नाही. डोळ्यांनी ओळखायचं तर बीएमईची धातूची डबी चौकोनी, २.५ बाय २.५ मिलिमीटर. बीएमपीची २ बाय २.५, म्हणजे किंचित लांबट. खात्री हवी तर हेक्स डी० हा रजिस्टर (चिपच्या आतला, तिची ओळख सांगणारा कप्पा) वाचा: हेक्समध्ये ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. 'सेन्सर सापडला नाही' म्हणून वायरिंग उसकटण्याआधी हे बघून घ्या, पुष्कळ वेळ वाचतो.

हा सेन्सर मी फोर्स्ड मोडमध्ये चालवतो. एकदा सांगितलं की एकदाच मोजतो आणि आपणहून झोपतो. तिन्ही मापं एकपट ओव्हरसॅम्पलिंगने (प्रत्येक माप एकदाच) घेतली तर काम १० मिलिसेकंदांच्या आत संपतं, आणि झोपेत त्याला ०.१ मायक्रोअँपिअर पुरतो. सतत मोजत ठेवला तर स्वतःच्याच उबेने तापमान चढं दाखवतो, म्हणून नुसत्या बॅटरीसाठी नव्हे तर आकडे खरे यावेत म्हणूनही फोर्स्ड मोडच बरा. डबीवरच्या बारीक भोकात फ्लक्स जाणार नाही एवढी काळजी घ्या.

पुल-अप रेझिस्टरांना, म्हणजे घड्याळ आणि सेन्सर ज्या दोन तारांच्या आयटूसी बसवर बोलतात त्या तारा एरवी ३.३ व्होल्टला ओढून धरणाऱ्या रेझिस्टरांना, मात्र मी हात लावला नाही. घड्याळावर ४.७ किलोओहम, सेन्सरवर १०, समांतर मिळून ३.२ च्या आसपास. आयटूसीच्या नियमाने लाइन खाली ओढणाऱ्या चिपला ३ मिलिअँपिअर झेपायला हवेत, म्हणजे ३.३ व्होल्टवर साधारण ९७० ओहमपर्यंत खाली यायला हरकत नाही. शिवाय बस शांत असताना दोन्ही लाइन वरच असतात, पुल-अपमधून काहीच वाहत नाही. बसवर पाच-सहा बोर्ड असतील तर काढा. दोन बोर्डांसाठी पॅड जाळण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

खरा जीव खाल्ला तो मायक्रोएसडीने. आधी बोर्ड निवडा: ज्यावर एएमएस१११७ आणि ७४एलव्हीसी१२५ असतो तो ५ व्होल्टच्या कंट्रोलरसाठी. ३.३ व्होल्ट दिले तर रेग्युलेटर व्होल्टभर खाऊन कार्डाला २.२ च्या आसपास देतो, आणि कार्डाला किमान २.७ लागतात. मी नुसत्या सॉकेटचा, फार तर चार-पाच रेझिस्टर असलेला बोर्ड वापरतो. पण कार्ड झोपलं तरी किती करंट घेईल याचा भरवसा नाही, कार्डागणिक वेगळा. म्हणून त्याचा सप्लायच तोडायचा. एसओटी-२३ आकाराचा एओ३४०१ हा पी-चॅनल मॉसफेट (इथे इलेक्ट्रॉनिक स्विच) अडॅप्टर बोर्डावर बसवला, सोर्स ३.३ व्होल्टला, ड्रेन कार्डाच्या सप्लायला, गेट एका पिनला, आणि गेटवर १०० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे रीसेटच्या वेळी कार्ड बंदच राहतं.

एवढ्याने भागत नाही. सप्लाय तोडला तरी एसपीआयच्या (कार्डाशी बोलायच्या) पिना हाय राहिल्या तर करंट कार्डाच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडांतून मागच्या दाराने शिरतो, आणि कार्ड अर्धवट जिवंत राहतं. मीटरवर बघा: मॉसफेट बंद, तरी कार्डाच्या सप्लाय पिनवर दोन व्होल्टच्या वर दिसतात. त्यामुळे क्रम असा ठेवलाय: फाइल बंद करा, कार्डाला त्याचं आतलं आवरायला थोडा वेळ द्या, एसपीआय बंद करा, चिप-सिलेक्टसकट एसपीआयच्या साऱ्या पिना पुल-अपशिवाय इनपुट करा, मग मॉसफेट बंद. उठल्यावर कार्ड नव्याने इनिशियलाइज करावं लागतं, आणि तेच सगळ्यात खर्चिक.

ते वाचवायला घड्याळाच्या मॉड्यूलवरचा फुकटचा ईईप्रॉम कामी आला. ४०९६ बाइट्स, पत्ता हेक्स ५७. घड्याळ ६८ वर आणि सेन्सर ७६ वर, त्यामुळे भांडण नाही. एक नोंद ८ बाइट्सची: तापमान, आर्द्रता, दाब आणि बॅटरीचं व्होल्टेज, प्रत्येकी दोन. वेळ साठवतच नाही, अंतर ठरलेलं असल्याने पहिल्या नोंदीवरून मोजता येते. ५१२ नोंदी मावतात, दिवसाला ९६ धरल्या तर पाच दिवसांच्या. कार्ड दिवसातून एकदाच जागं होतं. ८ हा आकडा मुद्दाम निवडलाय. ईईप्रॉमचं पान ३२ बाइट्सचं असतं, आणि लिहिताना पानाची हद्द ओलांडली तर पुढचं पान न येता त्याच पानाच्या सुरुवातीवर लिहिलं जातं. ३२ ला ८ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे नोंद कधीच दोन पानांत तुटत नाही. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीचा बफर ३२ बाइट्सचा आणि त्यातले दोन पत्त्यात जातात, म्हणजे पूर्ण पान एका दमात लिहिता येत नाही. ८ बाइट्सना ती अडचणही नाही.

सध्या झोपेतला करंट १०० मायक्रोअँपिअरच्या जरा वर आहे, आणि जवळजवळ सगळा घड्याळाचा. व्हीसीसीवर असताना डीएस३२३१चा स्टँडबाय करंट डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त ११० मायक्रोअँपिअर. तोच सेलवर चालताना फार तर ३. सीआर२०३२ मध्ये २२० मिलिअँपिअर-तास धरले तरी कित्येक वर्षं निघतात, आणि सेलवर असतानाही आयटूसी चालतं. तेव्हा पुढचं काम ठरलंय: डीएस३२३१चा २ नंबरचा पाय पॅडवरून उचलायचा आणि ग्राउंडला जोडायचा. मॉड्यूलचा व्हीसीसी पिन तसाच ठेवणार, कारण पुल-अप आणि ईईप्रॉम त्याच्यावरच आहेत. त्यासाठी बारीक टोकाचा आयर्न आणि सेलच्या होल्डरला चांगली पकड, दोन्ही लागतील. होल्डरची पत्री आत्ताच सैल वाटतेय, आधी तिला सरळ करतो.