वृद्धाश्रमाच्या जाहिरातीवर दहावीची पोरं

पुण्याबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमाचं गूगल अ‍ॅड्सचं खातं आमच्याकडे आलं, तेव्हा संचालिका ताईंची तक्रार एकच होती. "अहो, फोन दिवसभर खणखणतो आणि खोल्या रिकाम्याच!" आधीच्या एजन्सीचा रिपोर्ट मात्र झकास. कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकनंतर माणसाने केलेली आपल्याला हवी ती कृती, वाढतायत, खर्च उतरतोय.

अशा वेळी मी आधी सर्च टर्म्स रिपोर्ट उघडतो. जाहिरातीसाठी बोली लावलेला शब्द, म्हणजे कीवर्ड, वेगळा आणि लोक प्रत्यक्षात टाइप करतात ते वेगळं. इथे 'वृद्धाश्रम' हा एकच शब्द ब्रॉड मॅचवर मोकाट सोडलेला, म्हणजे गूगलला संबंधित वाटेल त्या शोधावर जाहिरात दिसणार. खर्चानुसार रांग लावली आणि हसूच फुटलं. 'वृद्धाश्रम काळाची गरज निबंध', 'वृद्धाश्रमाला भेट प्रकल्प पीडीएफ', 'वृद्धाश्रम भाषण दहावी'. पोरं आईच्या मोबाइलवर पहिली लिंक दाबत होती, ती आमची.

खरी गोम त्याच्याही खाली होती. 'वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा करणे', 'वृद्धाश्रम अन्नदान पुणे'. हे लोक सज्जन. फॉर्म मनापासून भरायचे, फोनही करायचे. आधीच्या एजन्सीने भरलेला प्रत्येक फॉर्म कन्व्हर्जन म्हणून मोजायला लावला होता आणि बोली स्वयंचलित ठेवली होती, म्हणजे कोणत्या शोधाला किती पैसे लावायचे ते गूगलचं यंत्रच ठरवणार. यंत्राला काय, फॉर्म भरणारा म्हणजे हवा तो माणूस. ते आणखी अन्नदाते शोधून आणू लागलं. रिपोर्ट खोटा नव्हता, फक्त बिनकामाचा होता. गूगलच्या प्रतिनिधीचा फोन यायचा तोही बजेट वाढवा सांगायला. ऑप्टिमायझेशन स्कोअर (खातं किती नीट लावलंय याचे गूगलने दिलेले गुण) चढला म्हणजे धंदा वाढला, असं ही मंडळी खरंच मानतात की काय, देव जाणे.

मग बैठक मारली. निगेटिव्ह कीवर्डला, म्हणजे ज्यावर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दाला, समानार्थी शब्द कळत नाहीत. 'निबंध' अडवला तरी 'भाषण' आत शिरतं. त्यात आपली माणसं देवनागरीत लिहितात, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, नाहीतर सरळ इंग्रजी. म्हणून प्रत्येक शब्द तिन्ही तऱ्हांनी घातला. एरवी लोकेशनमध्ये 'त्या भागात रस असलेले' हा पर्याय मी डोळे झाकून बंद करतो. इथे मुद्दाम चालू ठेवला, कारण आई कोथरूडला आणि शोध घेणारा मुलगा न्यू जर्सीत, हे गिऱ्हाईक याच दाराने येतं. कन्व्हर्जनची व्याख्याही बदलली. घरच्यांनी येऊन खोली पाहिली तरच मोजायचं, आणि ती नोंद क्लिकच्या आयडीसकट (माणूस कोणत्या क्लिकवरून आला ती खूण) रिसेप्शनवरून परत खात्यात चढवायची. वहीत नोंदी करायला रिसेप्शनवरच्या बाई आधी कुरकुरल्या, पण सगळ्यात चोख काम त्यांचंच निघालं.

यादीत एक शब्द उरला होता, 'मोफत'. दरमहा फी घेणाऱ्या संस्थेच्या खात्यात तो पहिल्याच दिवशी अडवायचा असतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पण त्याखालच्या ओळी वाचत बसलो. 'मोफत वृद्धाश्रम अंथरुणाला खिळलेले रुग्ण'. 'मुलगा सांभाळत नाही मोफत आश्रम'. ही दुसरी ओळ कोणी टाइप केली असेल, हे सांगायला रिपोर्ट लागत नाही. आणि दिसतात त्या एवढ्याच. 2020 पासून गूगल मोजकेच लोक शोधतात त्या ओळी दाखवतच नाही, त्यांचा खर्च तेवढा एका ओळीत गोळा करून समोर ठेवतं.

ताईंना म्हटलं, साइटवर एक पान टाकू. ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइन, 2007 च्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो ही माहिती, एवढंच. त्यांनी हात जोडले. "दादा, ते पान वाचूनही लोक मलाच फोन करणार. नाही म्हणायला माणूस ठेवू का आता?" त्यांचंही चूक नव्हतं. रिसेप्शनच्या टेबलावर तो नंबर चिकटवायला मात्र तयार झाल्या.

'मोफत' अडवला. निरर्थक फोन थांबले, खोल्या पाहायला लोक येऊ लागले, बजेट तेवढंच राहिलं. परवा कोणत्या शोधावर कोणाची जाहिरात दिसते ते दाखवणाऱ्या अ‍ॅड प्रीव्ह्यू टूलमध्ये तो शोध टाकून पाहिला. आमची जाहिरात नाहीच. वर आणखी एका महागड्या केअर सेंटरची आहे, त्यांनी बहुधा हा शब्द अजून अडवलेला नाही.