पॉइंटांवरचं तिकीट

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात विमानाचं तिकीट बदलायला रोज कुणी ना कुणी येतंच. तिकीट आम्ही काढलेलं असलं तर काम सरळ असतं. पीएनआर म्हणजे बुकिंगची नोंद उघडायची, नवी तारीख बघायची, दंड आणि भाड्यातला फरक सांगायचा आणि गिऱ्हाईक हो म्हणालं की रीइश्यू करायचं, म्हणजे नव्या तारखेचं तिकीट काढून द्यायचं. गेल्या पावसाळ्यात उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले काका आणि काकू मात्र असं तिकीट घेऊन आले, की माझ्या सिस्टिममधून मला त्याला हातही लावता येत नव्हता.

त्यांची लेक शिकागोला असते. पहिलंच बाळंतपण. जायची तारीख तीन आठवड्यांवर होती, पण लेकीचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी थांबायला नको म्हणून सांगितलं. आई चार-पाच दिवसांत तिथं पोचायला हवी होती. कास्टिंगच्या ऑर्डरींसाठी काका वर्षानुवर्षं जर्मनीला जात आले. त्यातून एका परदेशी विमान कंपनीच्या खात्यात भरपूर पॉइंट साठले होते आणि त्यावर त्यांनी स्वतःच दोघांचं जाऊन-येऊन तिकीट काढलं होतं. विमान मात्र त्या कंपनीच्या भागीदार कंपनीचं.

"नवीन काढलं तर किती हुतंय?" काकांनी विचारलं. ऐन वेळचं दोघांचं भाडं सांगितलं तशा काकू एकदम गप्प झाल्या.

अशा तिकिटाची गोम लोकांना ठाऊक नसते. तिकिटाच्या तेरा आकड्यांतले पहिले तीन बघायचे. ते तिकीट कुणी दिलंय ते सांगतात, जसं ०९८ म्हणजे एअर इंडिया. इथं नंबर पॉइंटवाल्या कंपनीचा होता, त्यामुळे बदल करायचा तर तिनंच करायचा. पण जागा होती भागीदाराच्या विमानात, आणि पॉइंटांवर कुठली जागा सोडायची ते तो भागीदार ठरवतो. माझ्या स्क्रीनवर हव्या त्या दिवशी इकॉनॉमीत पैसे भरून घ्यायच्या वाय क्लासपुढे ९ दिसत होते, म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त जागा. पॉइंटांच्या तिकिटासाठी ठेवलेल्या एक्स क्लासपुढे ०. काकांना ते पटेना. "अवो, इमान मोकळं जातंय आणि आमास्नी जागा न्हाई?" त्यांचा राग रास्तच होता. पण पैशाच्या जागा आणि पॉइंटांच्या जागा एकाच विमानात वेगवेगळ्या मोजल्या जातात.

खातं काकांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, त्यामुळे कॉल सेंटरशी त्यांनाच बोलावं लागलं. मी शेजारी बसलो आणि फोन स्पीकरवर ठेवला. पॉइंटवाली कंपनी म्हणाली, जागा भागीदाराकडे मागा. भागीदार म्हणाला, तिकीट आमचं नाही, ज्यांनी दिलं त्यांना विचारा. दुपारभर हेच चाललं होतं. मध्येच फोन कटला की पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. प्रवास करणाऱ्या माणसाची अशी टोलवाटोलवी होताना मला अजूनही सहन होत नाही. ते पॉइंट म्हणजे काही खैरात नव्हे, प्रत्येक प्रवासाला काकांनी पैसे मोजलेत. तरीही बहुतेक योजनांच्या अटींत लिहिलेलं असतं की पॉइंट ही कंपनीची मालमत्ता, सभासदाची नव्हे.

संध्याकाळकडे एका मुलीनं उत्साहानं सांगितलं की दोन जागा मिळताहेत, मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथून व्हिएन्ना आणि मग शिकागो. काका हो म्हणणार, एवढ्यात मी त्यांचा हात धरला. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा होता. त्यावर फ्रँकफर्टला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलता येतं. पण फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना हा प्रवास शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, आतला. म्हणजे फ्रँकफर्टला इमिग्रेशन ओलांडून युरोपात शिरायचं आणि त्याला शेंगेन व्हिसाच लागतो. काकांकडे तो होता, कामाचा, मुदत न संपलेला. काकूंकडे नव्हता. त्यांना मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवलं असतं आणि घाईत केलेला बदल पुन्हा फिरवायला आणखी चार दिवस गेले असते. कॉल सेंटरच्या पडद्यावर जागा दिसते, पासपोर्टात कुठला व्हिसा आहे ते दिसत नाही.

अंधार पडल्यावर भागीदारानं एक जागा सोडली. एकाच ठिकाणी विमान बदलायचं, तारीखही हवी ती, पण जागा एकच. काका माझ्याकडे बघायला लागले. काकू कधी मुंबईच्या पुढं एकट्या गेलेल्या नाहीत, इंग्रजी समजतं तेवढंच. त्यांनी मात्र क्षणभरही विचार केला नाही. "मी जाते. तुमी मागनं या. पोरीला आई पायजे."

मग खरं काम सुरू झालं. दोघांचा पीएनआर एकच होता. तो आधी वेगळा करून घेतला, नाहीतर बदल करताना काकांचीही जागा सुटली असती. काकूंसाठी व्हीलचेअर मागितली. गुडघ्यांचा त्रास होताच, शिवाय परक्या विमानतळावर गेटपर्यंत पोचवायला सोबत माणूस असतो. पॉइंटांचा फरक खात्यातून गेला, टॅक्सचा फरक आणि बदलाचा आकार काकांच्या कार्डावरून. पलीकडून आवाज आला, "युअर बुकिंग इज कन्फर्म्ड." काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते फोन ठेवायला लागले.

मी ठेवू दिला नाही. जागा कन्फर्म होणं वेगळं आणि तिकीट रीइश्यू होणं वेगळं. नव्या तारखेची जागा पीएनआरमध्ये असते, पण तिकीट जुन्याच तारखेचं राहिलं तर काउंटरवर बोर्डिंग पास निघत नाही. मी काकांना विचारायला लावलं, नवा तिकीट नंबर काय? ती मुलगी थांबली, तपासलं आणि म्हणाली, तिकीट रांगेत आहे, होईल. होईल म्हणजे कधी? आम्ही लाइनवरच थांबलो. काकूंनी डब्यातली भाकरी काढून मला आणि काकांना दिली. बऱ्याच वेळानं तेरा आकडे मिळाले. मी ते एकेक करून कागदावर लिहिले, पुन्हा वाचून दाखवले, मेलवर पावती आली का ते पाहिलं. मग भागीदाराला फोन लावून त्यांच्याकडचा वेगळा पीएनआर घेतला आणि तोच तिकीट नंबर त्यांना दिसतोय का ते विचारलं. दिसत होता.

उजळाईवाडीहून मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर घ्यायचं मी नको म्हटलं. पावसात ते रखडलं तर पुढचं विमान चुकलं म्हणून नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा, लागला असता. काकांनी आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं त्यांना मुंबईला नेलं आणि दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. बाळ झालं तेव्हा काकू दवाखान्यातच होत्या. काका ठरल्या तारखेला गेले.

परतीची तिकिटं आता दोन वेगवेगळ्या पीएनआरवर आहेत. गेल्या आठवड्यात कंपनीनं त्या विमानाची वेळ बदलली. काकांचं तिकीट नव्या वेळेवर रीइश्यू होऊन आलंय, काकूंचं अजून नाही. शिकागोत सकाळ झाली की काका फोन लावतात आणि मला कॉलवर घेतात.