तुम्ही विचारलंत म्हणून : ऑफर लेटर की एसएसबी?

महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात. कधी मुलाचा, बऱ्याचदा आईचा किंवा वडिलांचा. "सर, कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, पण सैन्यात ऑफिसर व्हायचं डोक्यातून जात नाही. काय करावं?" म्हणजे नोकरी धरावी की एसएसबी, सैन्यातल्या अधिकारी निवडीची मुलाखत, द्यावी. मी दहा वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या रसद-वाहतुकीच्या शाखेत होतो, आता चाकणला एका गोदाम-वाहतुकीच्या कंपनीत आहे. दोन्हीकडे राहून आलोय म्हणून विचारतात. गेल्या आठवड्यात कराडच्या एका मुलीनं विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, ४९ आठवडे प्रशिक्षण चालतं, तेव्हाही दरमहा ५६,१०० मिळतात. म्हणजे सुरुवात चांगलीच होते. घोळ होतो तो पेन्शनवरून. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, दहा वर्षांचं असतं, पुढे चार वर्षं वाढवता येतं. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी मात्र वीस वर्षं सेवा लागते. पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, न मिळता बाहेर पडलात तर ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. 'मिलिटरी म्हणजे पेन्शन' असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

पण पगार आणि पेन्शनवर हा निर्णय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ठरवायचं ते माणसांवरून.

लडाखमध्ये बर्फानं झोजिला खिंड बंद व्हायच्या आत अख्ख्या हिवाळ्याचा साठा वर चढवावा लागतो. पीठ, डाळ, रॉकेल, डिझेल, सगळंच. ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात त्याला. मी चोवीस वर्षांचा होतो आणि गाड्यांची एक प्लाटून माझ्याकडे होती. आमच्या सुभेदारसाहेबांची नोकरीच माझ्या वयाएवढी झालेली. तरी सकाळी सॅल्यूट ते मला करायचे आणि मी त्यांना 'साहेब' म्हणायचो. कामाची खरी जाण त्यांना होती, सही माझी चालायची.

त्या ऑक्टोबरात चार ड्रायव्हरनी एकदम रजा मागितली. एकाची बायको दिवस भरत आलेली, एकाच्या बहिणीचं लग्न, एकाच्या जमिनीची मोजणी लागलेली आणि एकाच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोडता येणार होते दोघेच. रात्री बुखारीपाशी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीपाशी बसून मी नि सुभेदारसाहेब किती तरी वेळ बोललो. शेवटी ते म्हणाले, "साहब, फैसला आपका है।" मी बाळंतपण आणि मोजणी धरली. भावकीतला वाद होता, मोजणीला तो नसता तर बांध सरकला असता. मोतीबिंदूवाल्याला मी स्वतः सांगितलं. तो एक शब्द बोलला नाही, पहाटे चारला गाडी काढली. त्या दिवशी द्रासपर्यंत मी त्याच्याच केबिनमध्ये बसून गेलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. नंतर त्याच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहिलं, वडिलांना दवाखान्यात न्यायला कोणी तरी मिळावं म्हणून.

चाकणलाही माझ्या हाताखाली साठ जण आहेत आणि रजा मीच मंजूर करतो. पण पाळी संपली की त्यांचं घर त्यांचं आणि माझं माझं. तिकडे तसं नसतं. जवानाच्या मुलीचा ताप, त्याचं कर्ज, त्याचं वडिलांशी पटत नाही, हे सगळं चोवीस तास तुमच्यापर्यंत येत राहतं. ते यावं असं ज्याला आतून वाटतं, त्यानं सैन्यात जावं. नुसत्या गणवेशासाठी जाणाऱ्याला हा भाग ओझं वाटतो आणि त्याचा त्रास त्याच्या जवानांना होतो. असे अधिकारी मी पाहिलेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपण कुठं राहायचं हे आपल्या हातात उरत नाही. वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि वीस दिवस कॅज्युअल, कागदावर भरपूर. पण ती कधी मिळेल ते युनिटच्या कामावर. आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा रजा तासाभरात मंजूर झाली होती, रस्ता मात्र बंद होता. मी पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. सगळं बायकोनं निभावलं. ती शिक्षिका. माझ्या बदल्यांपायी तिनं दोनदा नोकरी सोडली. लग्न ठरवताना हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि ते मला अजून लागतं.

बाहेर पडल्यावरही सोपं नव्हतं. संरक्षण खात्याच्या पुनर्वसन योजनेतून आयआयएममध्ये सहा महिन्यांचा कोर्स केला, त्याचा उपयोग झाला. तरी एका मुलाखतीत विचारलंच, "तिकडे सगळं हुकमानं चालतं, इथं कसं जमणार?" द्रासच्या रस्त्याचं त्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. पहिला बॉस माझ्याहून पाच वर्षांनी लहान होता. वर्षभर जड गेलं, मग रुळलो.

तरीही खरोखर दोन्हींत अडकलेल्याला मी म्हणतो, आधी एसएसबी द्या. कारण साधं आहे. सीडीएसच्या लेखी परीक्षेतून ओटीएला जायची वयोमर्यादा पंचविशीच्या आसपास संपते, इंजिनिअरांना तांत्रिक प्रवेशासाठी सत्तावीसपर्यंत. कंपनी अठ्ठाविसाव्या वर्षीही घेते. एसएसबीचे पाच दिवस कधीच वाया जात नाहीत. पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर मनात येईल ते लिहायचं, अनोळखी आठ-दहा जणांबरोबर फळ्या आणि दोर घेऊन अडथळा पार करायचा. आपण माणसांत कसे वागतो ते तिथं आपल्यालाच दिसतं. मी पहिल्यांदा भोपाळहून पहिल्याच दिवशी स्क्रीन आऊट, म्हणजे पहिल्या चाळणीतच बाद होऊन परतलो होतो. दुसऱ्यांदा बेंगळुरूला निवड झाली.

आणि एक. एसएसबीत रेकमेंड झालात, म्हणजे निवड झाली म्हणून कंपनीला लगेच नकार कळवू नका. पुढे मेडिकल असतं, मग मेरिट लिस्ट. रेकमेंड होऊनही लिस्टमध्ये नाव न आलेले कितीतरी असतात. जॉइनिंग लेटर येईपर्यंत खुशाल नोकरी करा.

कराडच्या त्या मुलीला विचारलं, "रजेचा तो निर्णय तुझ्यावर आला असता तर?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मोतीबिंदूवाल्याला पुढच्या वेळी पहिली रजा दिलीत का?" दिली होती.

तेवढ्यात तिच्या आईनं फोन घेतला. मुलींचं तिकडे कसं, हे त्यांना विचारायचं होतं. मुलींनाही पर्मनंट कमिशन देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० चा निकाल सांगितला. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "स्वाती महाडिक ओटीएलाच होत्या ना?" साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, त्यांच्या पत्नी. दोन मुलांची आई असताना २०१७ मध्ये लेफ्टनंट झालेल्या.

"हो, तिथंच," मी म्हणालो.

"मग पुढच्या महिन्यात भोपाळला हिच्याबरोबर स्टेशनपर्यंत मी जाते," त्या म्हणाल्या. "पुढचं तिचं ती बघेल."