वेल्समधलं आपलं मुंगूस

आईला बेदगेलर्टला नेलं ते डोंगर दाखवायला. (स्पेलिंग बघून बेडगेलर्ट म्हणू नका. वेल्शमध्ये दोन डी जोडून आले की उच्चार ‘द’च्या जवळ जातो. हे कळायला मला तीन वर्षं लागली.) कोल्विन नदी ग्लासलिनला मिळते तिथे हे गाव आहे. करड्या दगडाची घरं, पाटीच्या दगडाची छपरं आणि दोन कमानींचा पूल. आई पुलावर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “माहुलीसारखंच आहे की. पण संगमाला घाट नाही?”

नदीकाठाने थोडं चाललं की झाडाखाली, कठड्याच्या आत गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. दोन काळ्या शिळांवर त्याची गोष्ट कोरली आहे, एकीवर वेल्शमध्ये, दुसरीवर इंग्रजीत. मी आईला वाचून सांगू लागले. तेराव्या शतकातला राजा लिवेलिन शिकारीला गेला आणि गेलर्ट मागेच राहिला. राजा परतला तर कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं, पाळणा विस्कटलेला, बाळाचा पत्ता नाही. राजाने तलवार उपसली...

“बाळाला काही झालेलं नाहीये,” आई म्हणाली. “साप मेलाय.”

“लांडगा आहे गं आई.”

“तेच ते. अगं, हे आपलं मुंगूस!”

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. पंचतंत्रातली ब्राह्मणी पाणी भरून येते, दारात मुंगसाचं रक्ताळलेलं तोंड बघते आणि भरलेली घागर त्याच्यावर आपटते. पाचव्या तंत्रातली, ‘अपरीक्षितकारक’मधली ही गोष्ट भाषांतरांच्या वाटेने पश्चिमेकडे गेली आणि मुंगसाचा कुत्रा झाला. इकडच्या थंडीत मुंगूस कुठून आणणार म्हणा. मी तिथेच शेजारच्या जोडप्याला सगळं ऐकवलं. “हाऊ लव्हली,” म्हणाले आणि फोटो काढायला वळले. एवढा मोठा पुरावा दिला, तर एवढंच!

पण माझा खरा जळफळाट झाला तो पुढे. गोष्ट जुनी असली तरी समाधी जुनी नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इथल्या गोट हॉटेलचा मालक होता डेव्हिड प्रिचर्ड. गावात गिऱ्हाईक यावं म्हणून त्यानेच हे दगड उभे करवले, असं सांगतात. गावाचं नाव बहुधा केलर्ट नावाच्या जुन्या संतावरून पडलेलं. ‘बेद’ म्हणजे थडगं, म्हणून थडगंही करून टाकलं! बरं, हे काही गुपित नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी लोक रांगेने येऊन गहिवरतात. हेच आपल्याकडे कुणी केलं असतं तर यांनीच नाकं मुरडली असती.

रायगडावरचा वाघ्या आठवला. कागदपत्रांत त्याचा उल्लेख नाही म्हणून केवढे वाद! २०१२ साली पुतळा काढला काय, पुन्हा बसवला काय. इथे कुणाला सोयरसुतक नाही. आधी वाटलं, किती समजूतदार लोक. मग वाटलं, नाही, तुलनाच चुकतेय. वाघ्या उभा आहे महाराजांच्या समाधीजवळ आणि गेलर्ट हॉटेलजवळ. आपण भांडतो कारण आपल्याला फरक पडतो. (नवरा म्हणाला, “तू कुत्र्यावरून वेल्सशी भांडतेयस.” असू दे.)

गंमत म्हणजे खरं जुनं गावातच आहे. सेंट मेरीचं चर्च हे इथल्या ऑगस्टिनियन मठाचं उरलेलं अंग. पूर्वेच्या भिंतीत तीन उंच, चिंचोळ्या खिडक्या आहेत, त्या थेट तेराव्या शतकातल्या, म्हणजे वेल्श राजपुत्रांच्याच काळातल्या. आत आम्ही तिघंच होतो. बाहेर पावसाची भुरभुर, आणि त्या खिडक्यांतून उतरलेला उजेड आईच्या शालीवर. तिने सवयीने चपला दाराशीच काढल्या होत्या, फरशी बर्फासारखी गार असूनही. आम्हीही आधी समाधीच गाठली होती, हा भाग वेगळा.

सतराव्या शतकातलं टी इसाव्ह नावाचं घर बाहेरूनच पाहिलं. छोट्या रुळांवरून धूर सोडत गाडी गेली तेव्हा मात्र आई “माथेरान!” म्हणून ओरडली.

परतताना गाडीत मी तिला हॉटेलवाल्याची भानगड पुन्हा नीट समजावून सांगितली. तिने “हं” केलं. रात्री बाबांना फोन लागला.

“अहो, राजाने कुत्रा मारला. नाही हो, मुंगूस नाही, कुत्रा. समाधी आहे ना त्याची इथे. मी स्वतः बघून आले.”