मुंबईच्या पावसात दोन घडीचे चाकू : तीन दिवसांचा अनुभव

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून तीन दिवसांसाठी मुंबईला जायचे ठरले, तेव्हा बरेच महिने मनात रेंगाळलेला एक प्रश्न याच प्रवासात निकाली काढावा, असे मी ठरवले. माझ्याकडे घडीचे दोन चाकू आहेत आणि त्यांपैकी रोज खिशात कोणता बाळगावा, हे मला पुण्यात राहून कधीच ठरवता आले नव्हते. तेथील उन्हाळ्यात दोन्ही सारखेच गुणी वाटतात. मुंबईचा पाऊस, खारी हवा आणि गर्दी मात्र कोणत्याही वस्तूची पारख लवकर करते.

पहिला चाकू फ्रान्समधील साव्हुआ भागातला ओपिनेल, आठ नंबरचा. बीच लाकडाची गोलसर मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे कार्बन पोलादाचे पाते आणि उघडलेले पाते जागीच अडकवून ठेवणारी फिरती पोलादी कडी, एवढाच त्याचा संसार. हा चाकू १८९० पासून बनतो आणि कडी १९५५ मध्ये आली. दुसरा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स, स्पार्टन नावाचा. मिटल्यावर तो ९१ मिलिमीटर भरतो. त्यात मोठे व छोटे पाते, डबा आणि बाटली उघडण्याची साधने, टोच्या, बूच काढायचा मळसूत्री खिळा, चिमटा आणि दातकोरणे आहे. त्याची पाती स्टेनलेस आहेत, पण ती केवळ पाठीच्या स्प्रिंगवर उघडी राहतात, त्यांना जागी अडकवणारा खटका नाही.

पहिल्या दिवशी दादरला मावशीकडे उतरलो. लोणच्याच्या कैऱ्या मंडईतूनच फोडून आणल्या होत्या, परंतु मेथांब्यासाठी साले काढून फोडी करण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ओपिनेल उघडला. धारेच्या बाबतीत त्याला तोड नाही. पाते पातळ असल्यामुळे साल कागदासारखी सुटत होती आणि कोयीजवळचा कठीण भागही जोर न लावता कापला जात होता. पण तिसऱ्या कैरीपर्यंत पात्यावर निळसर करडी छटा चढली आणि फोडींच्या कडा काळपट दिसू लागल्या, कारण कैरीतील आम्लाची उघड्या लोखंडाशी प्रक्रिया होते. मावशीने एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "अरे, लोखंडाची चव उतरली बघ. आमच्या विळीचंही असंच व्हायचं, म्हणून आई चिरून झालं की लगेच पुसून तेलाचा हात फिरवायची." उरलेल्या कैऱ्या मी स्पार्टनने चिरल्या. वेळ अधिक लागला, हात थोडा अवघडला, पण फोडी स्वच्छ निघाल्या.

ही करडी छटा म्हणजे गंज नव्हे. ती स्थिरावली की पात्याचे काहीसे रक्षणच करते. खरा गंज दुसऱ्या दिवशी भेटला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला गेलो होतो. (उद्यान सोमवारी बंद असते आणि लेणी फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत आहेत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) दिवसभर भिजलो आणि ओपिनेल ओल्या खिशातच राहिला. परतताना काकडी कापायला तो काढला, तर लाकूड फुगून पाते मुठीत घट्ट बसले होते, नखाच्या खाचेत नख घालूनही ते हलेना. यावर उपाय आहे. कडी उघडी आहे याची खात्री करून मुठीचे टोक बाकावर हलके आपटले की पाते किंचित बाहेर येते. तसे ते आले, पण खिळीजवळ तांबूस ठिपके उमटलेले होते. त्याच खिशातल्या स्पार्टनला काहीही झाले नव्हते आणि त्याच्या चिमट्याने बोटात गेलेली लाकडाची कुसळ काढता आली, हे वेगळेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये एका पार्सलची सुतळी कापण्यासाठी मी ओपिनेल उघडला आणि कडी फिरवली. शेजारचे गृहस्थ चटकन बाजूला सरकले, समोरच्या बाईंनी मुलाला जवळ ओढले. मला मनापासून वाईट वाटले. मी क्षमा मागितली, चाकू मिटला आणि सुतळी उतरल्यावरच कापली. एवढे लांब, अडकून राहणारे पाते गर्दीत उघडण्याची वस्तू नव्हे. माझा निर्णय त्या डब्यातच झाला.

याला कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढता येतात आणि त्या कलमात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून जायच्या आधी असा आदेश लागू आहे का, हे पाहावे आणि असल्यास चाकू घरीच ठेवावा. आदेश नसतानाही मेट्रो, न्यायालये, मंत्रालय, सिद्धिविनायक मंदिर अशा तपासणी असलेल्या ठिकाणी तो नेऊ नये. एका मॉलच्या दारात मला स्पार्टनसुद्धा परत घरी ठेवून यावा लागला आणि त्यात दीड तास गेला. विमानाने जाणाऱ्यांनी तो सामानाच्या मोठ्या बॅगेतच भरावा, हातातल्या बॅगेत कधीही नाही.

तेव्हा मुंबईत रोजच्या खिशासाठी मी स्पार्टनच सुचवीन. मात्र त्याला खटका नसल्यामुळे टोक रोवून भोक पाडू नये, पाते बोटांवर मिटू शकते. त्या कामाला टोच्या आहे, आणि तोही जपूनच वापरावा. फळांचा रस सांध्यात गेला की कोमट पाण्यात चार-पाच वेळा उघडझाप करून, पूर्ण वाळवून, खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. ज्यांना ओपिनेलच हवा, त्यांनी त्याचा स्टेनलेस पात्याचा प्रकार घ्यावा. त्यातही मूठ लाकडाचीच असते, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती जवसाच्या तेलाने दोन-तीनदा पुसून घ्यावी.

परतण्यापूर्वी मशीद बंदर स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारांच्या या गल्लीत धार लावायचा, एक बाजू भरड आणि दुसरी बारीक असलेला कार्बोरंडमचा दुहेरी दगड सहज मिळतो; रविवार टाळावा, बहुतेक दुकाने बंद असतात. त्याच संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर दगडाच्या बारीक बाजूने ओपिनेलवरचे तांबूस ठिपके काढले, धार लावली, तेलाचा हात फिरवला आणि तो तिच्याकडेच ठेवला. आता तो विळीशेजारी कोरड्या फडक्यात असतो.