ओदाक्यू लाईन: चार ट्रॅक आणि पन्नास वर्षं

भारतातून कोणी टोकियोला आलं की पहिला प्रश्न शिन्कान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा असतो, कुठून बसायचं, तिकीट कधी काढायचं, फुजी कुठल्या बाजूला दिसतो. बसावंच तिच्यात, मस्तच आहे ती. पण इथे रोज राहणारी माणसं काही शिन्कान्सेनने ऑफिसला जात नाहीत, ती लोकलने जातात, आणि ह्या लोकलबद्दल आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही, लिहिलंच तर "एक मिनिट उशीर होत नाही हो" एवढ्यावर विषय संपतो. म्हणून आज माझ्या लाईनीबद्दल लिहायला बसलेय. ओदाक्यू लाईन. मी डोंबिवलीत वाढलेली, त्यामुळे लोकल ह्या विषयावर माझी मतं ठाम आहेत, आणि माझं मत असं की ह्या लाईनीची खरी कमाल टायमिंग नाहीच. जलद आणि धीम्या गाड्या एकमेकींना सांभाळून ज्या पद्धतीने चालवतात ती खरी कमाल, आणि ते नीट जमवायला ह्या लोकांना पन्नास वर्षं लागली.

आधी थोडी ओळख. टोकियोतलं शिन्जुकू ते खाली शेजारच्या कानागावा प्रांतातलं ओदावारा, ८२.५ किलोमीटर, ४७ स्टेशनं. सरकारी नाही, प्रायव्हेट कंपनी. तोशिमित्सु त्सुरुमात्सु नावाच्या माणसाने ही कंपनी काढली आणि १ एप्रिल १९२७ ला शिन्जुकूपासून ओदावारापर्यंतची अख्खी लाईन एकदम सुरू केली, तुकड्यातुकड्याने नाही. तेव्हा शिन्जुकू सोडलं की दोन्ही बाजूंना शेतंच होती. मग लाईनीच्या कडेने शाळा आल्या, शाळांच्या आजूबाजूला प्लॉट पडले, वस्ती झाली. सेइजोगाकुएन-माए हे आज अतिशय पॉश समजलं जाणारं स्टेशन असंच उभं राहिलं, शाळा तिथे आली आणि शाळेच्याच नावाचं स्टेशन झालं. पुढे १९२९ मध्ये सागामी-ओनोपासून समुद्राकडे एनोशिमा लाईन फुटली आणि १९७४ मध्ये शिन-युरीगाओकापासून तामा लाईन, ती तामा न्यूटाऊनच्या मोठ्या वसाहतीसाठी. मी ह्या शिन-युरीगाओकाच्या जवळ राहते, इथे सगळे शिन-युरी म्हणतात.

रूळ आपल्यापेक्षा बरेच अरुंद, १०६७ मिलीमीटर, आपला ब्रॉडगेज १६७६. डबेही त्यामानाने चिंचोळे वाटतात. पण वरच्या वायरीत १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे २०१६ पर्यंत आपल्या सेंट्रलवर होता तोच. हे कळल्यावर मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

आता मुद्द्याकडे. ह्या लाईनीवर गाड्यांचे प्रकार इतके आहेत की नवीन माणूस पहिले काही आठवडे बोर्डाकडे नुसता बघत राहतो. लोकल, सेमी एक्सप्रेस, कम्युटर सेमी एक्सप्रेस, एक्सप्रेस, कम्युटर एक्सप्रेस, रॅपिड एक्सप्रेस आणि वर रिझर्व्ह सीटची रोमान्सकार. आपल्याकडे फास्ट आणि स्लो, फार तर सेमी फास्ट, विषय संपला. इथे प्रत्येक प्रकाराचे थांबे वेगळे, आणि ते उगाच नाहीत. एकच उदाहरण देते. रॅपिड एक्सप्रेस नोबोरितोला थांबते, पण त्याच्या शेजारच्या मुकोगाओका-युएनला आणि पुढे सेइजोला थांबत नाही. सकाळची कम्युटर एक्सप्रेस बरोबर उलटं करते, मुकोगाओका-युएन आणि सेइजोला थांबते आणि नोबोरितो सोडते. नोबोरितोला जेआर ह्या दुसऱ्या रेल्वे कंपनीची नाम्बु लाईन मिळते, तिथे प्रचंड गर्दी चढते, ती सगळी एकाच प्रकारच्या गाडीत घुसू नये म्हणून शेजारच्या स्टेशनांवरच्या लोकांना दुसरी जलद गाडी दिली. म्हणजे "गर्दीत सगळ्यांनी सहकार्य करावे" अशी अनाऊन्समेंट करण्याऐवजी टाइमटेबलमध्येच गर्दी वाटून टाकली. मला हे फार आवडतं. प्रवाशाला शहाणपण शिकवायचं नाही, सोय अशी करायची की तो आपोआप योग्य गाडीत बसेल.

आणि ते शिन-युरीचं दृश्य. सहा ट्रॅक आहेत तिथे, तीन मोठे प्लॅटफॉर्म, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना गाडी लागते. लोकल येऊन एका बाजूला उभी राहते, दारं उघडीच. थोड्या वेळात समोरच्या बाजूला रॅपिड एक्सप्रेस येते, दारं उघडतात, आणि लोकलमधून पंधरावीस माणसं सरळ समोर चालत जातात, तिकडून थोडी इकडे येतात, ना जिना, ना पूल, ना धावाधाव. फास्ट निघून जाते, मग लोकल तिच्या मागून निघते. लहान स्टेशनावर राहणारा माणूससुद्धा फास्टला जोडलेला राहतो, आणि फास्टने आलेल्याला पुढच्या लहान स्टेशनाला जायला लोकल समोर तयार असते. आता हा मेळ सांभाळायचा तर दोन्ही गाड्या ठरल्या वेळेला यायलाच हव्यात ना, एक जरी अडकली तरी दुसरीची वाट लागते. म्हणून मी म्हणते की वेळ पाळणं हे इथे शोभेसाठी नाही, ह्या अदलाबदलीसाठी आहे, आणि लोक नेमकी ही अदलाबदल बघायचीच विसरतात.

पण एके काळी हे सगळं कागदावर कितीही छान असलं तरी प्रत्यक्षात हाल होते, कारण ट्रॅक फक्त दोन. सकाळी एवढ्या गाड्या सोडायच्या की जलद गाडी पुढच्या लोकलच्या मागे रांगत रांगत शिन्जुकूला पोचायची. सेतागाया-दाइता ते शिमोकिताझावा ह्या टप्प्यात गर्दी १९२ टक्के मोजली जायची. इथे १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला सीट नाहीतर धरायला कडी नाहीतर खांब, त्यावरून अंदाज करा. डोंबिवलीवाल्यांना १९२ ऐकून काही वाटणार नाही, मला माहितीये, पण इथे दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, त्यामुळे चढायला-उतरायला लागणारा प्रत्येक जास्तीचा सेकंद मागच्या सगळ्या गाड्यांना भोवतो. १९९० च्या सुमाराला कंपनीने एक प्रयोग केला, दारंच रुंद करायची, थेट दोन मीटर. चढउतार होईना का लवकर. पण दारं एवढी मोठी केली की सीटा कमी होतात, लोक वैतागले, मग दारं १.६ मीटरवर आणली. म्हणजे दारावर झाला तेवढा उपाय करून बघितला. अडचण दारात नव्हती, ट्रॅकमध्ये होती.

चार ट्रॅकचा प्लॅन खरं तर १९६४ सालचा. काम सुरू झालं १९८९ मध्ये. आणि पूर्ण झालं मार्च २०१८ मध्ये. योयोगी-उएहारा ते नोबोरितो, फक्त ११.७ किलोमीटर! जपानी लोक पटापट कामं करतात असं आपण म्हणतो ना, त्यांनी हा आकडा बघावा. दोन्ही बाजूंना घरं अगदी चिकटून, जागा एकेका घरमालकाकडून घ्यायची, आणि गाड्या एक दिवसही बंद ठेवायच्या नाहीत. त्यात कोर्टकचेरी. टोकियोतल्या सेतागाया भागाच्या पट्ट्यात लाईन वर उचलून पुलावरून न्यायची ठरली होती, तिथल्या रहिवाशांचं म्हणणं आवाजाचा त्रास होईल, जमिनीखालून न्या. २००१ मध्ये टोकियोच्या जिल्हा कोर्टाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, २००३ मध्ये हायकोर्टाने तो फिरवला, डिसेंबर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने सांगितलं की लाईनीशेजारी राहून ज्यांना आवाजाचा गंभीर त्रास होऊ शकतो त्यांना दाद मागायचा हक्क आहे, मग जमीन त्यांची असो वा नसो. २००६ मध्ये ते केस हरले, पूल तोवर उभाही राहिला होता, पण तो हक्काचा निकाल इथल्या कायद्याच्या अभ्यासात कायमचा जाऊन बसला. मी त्या पुलावरून जाते, मला त्याचा रोजचा फायदा आहे, तरीही मला वाटतं की त्या लोकांनी भांडायलाच हवं होतं. ज्यांच्या खिडकीखालून दिवसभर गाड्या जाणार त्यांना विचारलंच पाहिजे.

शिमोकिताझावाला मात्र खाली नेलं. तिथली फाटकं कुप्रसिद्ध होती, सकाळी एकदा बंद झालं की उघडायचं नावच नाही, माणसं, सायकली, टेम्पो सगळे ताटकळत. मार्च २०१३ मध्ये एका रात्रीत, शेवटची गाडी गेल्यापासून सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंतच्या वेळात, वरची लाईन तोडून खालच्या बोगद्याला जोडली. रात्री गाडी जमिनीवरून गेली, सकाळी जमिनीखालून! आणि बोगदा दोन मजली, सगळ्यात खाली जलद गाड्या, त्यांच्या वर धीम्या. धीम्यांचा वरचा मजला तयार व्हायला अजून पाच वर्षं गेली आणि मार्च २०१८ मध्ये चारही ट्रॅक एकत्र सुरू झाले. सकाळच्या गर्दीच्या तासाला २७ गाड्या यायच्या त्या ३६ झाल्या, माचिदा ते शिन्जुकू ४९ मिनिटांचं ३७ वर आलं, गर्दी १९२ वरून दीडशेच्या आसपास उतरली. सगळ्या टप्प्यांतली मिळून ३९ फाटकं गेली.

माझ्या ऑफिसातल्या सीनियर बाई तेव्हाही ह्याच लाईनीने यायच्या. त्यांना विचारलं, चार ट्रॅक झाल्यावर सगळ्यात मोठा फरक काय पडला, तर त्या वेगाबद्दल बोलल्याच नाहीत, म्हणाल्या गाडीत पुस्तक उघडता यायला लागलं.

आपल्याकडे ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन किती रखडली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एकदाची सुरू झाली ते कल्याण-डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. कारणंही बरीचशी तीच, जागा, वस्ती, चालू लाईनीवर काम. त्यामुळे "जपानला जमतं, आपल्याला नाही" हे वाक्य मला पटत नाही. ह्यांनाही वेळ लागलाच. फरक असला तर हा की मधल्या काळात, दोन ट्रॅकवरसुद्धा, टाइमटेबल सुधारत राहणं ह्यांनी थांबवलं नाही.

अजून एक सोय, जिच्याशिवाय माझं पान हलत नाही. माझं ऑफिस ओतेमाचीला, म्हणजे मेट्रोच्या चियोदा लाईनीवर. १९७८ पासून ओदाक्यूच्या गाड्या योयोगी-उएहाराहून सरळ चियोदा लाईनीत घुसतात. तिथे फक्त मोटरमन आणि गार्ड बदलतात, आपण आपल्या जागेवरच. ज्यांना शिन्जुकूला जायचंय ते समोरच्या बाजूच्या गाडीत जातात. २०१६ पासून तर काही ओदाक्यू गाड्या चियोदा लाईन पार करून पलीकडे जेआरच्या जोबान लाईनीवर इबाराकीतल्या तोरिदेपर्यंत जातात, तीन वेगळ्या कंपन्यांच्या रुळांवरून एकच गाडी. आपल्याकडे एका कार्डावर लोकल आणि मेट्रो करता करता दमतो आपण. तोटाही आहे म्हणा, तिकडे लांब कुठे काही झालं की इकडे आमच्या गाड्या लटकतात, आणि मग स्टेशनवर उशिराचा दाखला घ्यायला रांग. हो, उशीर होतो इथे. पावसात होतो, कोणी रुळावर आलं तर तासभरसुद्धा होतो.

चार ट्रॅकचं सुख पुरतं दोन वर्षं मिळालं आणि कोरोना आला. लोक घरून काम करायला लागले आणि त्यातले बरेच रोजच्या रोज परत आलेच नाहीत. त्यात मुलं कमी होत चाललीयत. मग कंपनीने मार्च २०२२ मध्ये एक काम केलं ज्यासाठी मी त्यांना कायम दुवा देईन, आयसी कार्डावर, म्हणजे गेटवर टेकवायच्या कार्डावर, लहान मुलांचं भाडं सरसकट ५० येन, ओदाक्यूवर कुठूनही कुठेही. माझी मुलगी ५० येनमध्ये एनोशिमाच्या समुद्रावर जाते. काही जण म्हणतात एवढा खर्च करून ट्रॅक बांधले आणि आता गर्दीच नाही. मला हे अजिबात पटत नाही. गर्दी कमी आहे म्हणजे पैसे वाया गेले, हा हिशोब गाडीत उभं राहून प्रवास न करणाऱ्या माणसाचा असतो.

रोमान्सकारबद्दल थोडं सांगते, नाहीतर रेल्वेप्रेमी रागावतील. ही हाकोने ह्या डोंगरातल्या पर्यटनस्थळाला जाणारी रिझर्व्ह सीटची गाडी, सध्या एका मॉडेलमध्ये पुढे मोठी काच आणि प्रवाशांच्या सीटा थेट नाकाशी, मोटरमन बसतो वर. १९५७ मध्ये हिच्या एसई मॉडेलने तोकाइदो लाईनीवर चाचणीत ताशी १४५ किलोमीटर गाठले, अरुंद रुळांवरचा तेव्हाचा जागतिक विक्रम. तिच्या डिझाइनवर काम केलेले मिकी तादानाओ पुढे शिन्कान्सेनच्या डिझाइनमध्येही होते, म्हणजे ज्या शिन्कान्सेनसाठी पाहुणे येतात तिची मुळं थोडी आमच्या लाईनीतही आहेत. सकाळ-संध्याकाळ हीच गाडी ऑफिसवाल्यांसाठीही चालते, वेगळे पैसे भरून बसून जायचं.

तुम्ही हाकोनेला येणार असाल तर हाकोने फ्रीपासमध्ये, म्हणजे तिथे फिरायच्या पासमध्ये, रोमान्सकारचा जादा चार्ज धरलेला नसतो, तो वेगळा भरावा लागतो हे लक्षात ठेवा. जाताना रोमान्सकारने जा, मुलं बरोबर असतील तर वाटेत एबिनाला उतरून २०२१ मध्ये उघडलेलं रोमान्सकार म्युझियम बघा, स्टेशनला लागूनच आहे. येताना मात्र ओदावाराहून साध्या गाडीने या. शिन-युरीला किंवा नोबोरितोला मुद्दाम लोकलमध्ये बदला आणि शिमोकिताझावाला उतरा. जुनी लाईन जिथून जायची तिथे आता १.७ किलोमीटरची चालायची पट्टी आहे, छोटी दुकानं, कॅफे, झाडं. संध्याकाळी पाचच्या आधी पोचा, नंतर बसायला जागा मिळत नाही.